मुरूम नेमके कशामुळे येतात? घरात सांगितली जाणारी कारणं, खरी कारणं आणि मेडिकलच्या ट्यूबचा धोका

हुबळीचं देशपांडे नगर म्हटलं की मराठी माणसाला सवाई गंधर्व सभागृह आठवतं, गंगूबाई हनगल यांचं ‘गंगालहरी’ हे घर आठवतं. घरी मराठी, रस्त्यावर कन्नड आणि कॉलेजात इंग्रजी, अशी इथल्या कित्येक घरांची रीत. अशा घरातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या किंवा मुलीच्या तोंडावर पुटकुळ्या आल्या, की सल्लेही तिन्ही भाषांतून येतात. आज्जी म्हणते अंगात उष्णता झाली. शेजारच्या काकू म्हणतात मिरची भजी बंद करा. मैत्रीण मोबाईलवर फेसवॉश दाखवते. शेवटी कुणीतरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन ‘तोंडाला लावायला काहीतरी द्या’ म्हणतं आणि एक छोटी ट्यूब घरी येते.

यातले बरेच सल्ले निरुपद्रवी असतात. ती ट्यूब मात्र नेहमीच तशी नसते. बेळगाव, निपाणी, खानापूर, कोल्हापूर, सांगली, गोवा, कुठल्याही गावातल्या घरात हेच चित्र दिसतं. म्हणून मुरूम कशामुळे येतात, कशामुळे वाढतात आणि कशाशी त्यांचा काही संबंध नसतो, याची ही एकत्र माहिती.

थोडक्यात

- मुरूम घाणीमुळे येत नाहीत. त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथी, हार्मोन आणि अनुवंश ही मुळातली कारणं.
- मुलींमध्ये मुरमांसोबत पाळी अनियमित असेल, तर पीसीओएसची तपासणी करून घ्यावी.
- स्टिरॉइड असलेलं मलम तोंडाला लावल्याने मुरूम येतात आणि वाढतात. हे कारण पूर्णपणे टाळता येतं.
- केसांचं तेल, जाड क्रीम, हेल्मेट, मशीनचं ऑइल, काही औषधं यांनीही मुरूम येतात.
- उपचाराचा फरक दिसायला ६ ते १२ आठवडे लागतात. आठ दिवसांत गोरं आणि गुळगुळीत करणाऱ्या ट्यूबवर विश्वास ठेवू नये.

मुरूम म्हणजे काय?

मराठीत मुरूम, पुटकुळ्या, तारुण्यपिटिका; कन्नडमध्ये मोडवे. सुश्रुतसंहितेत याला ‘मुखदूषिका’ असं नाव आहे. तरुणांच्या तोंडावर येणाऱ्या, सावरीच्या झाडाच्या काट्यासारख्या दिसणाऱ्या पुळ्या, असं तिथलं वर्णन. म्हणजे हा काही फास्ट फूडच्या काळातला नवा आजार नाही.

आपल्या त्वचेवर बारीक छिद्रं असतात. प्रत्येक छिद्रात एक केस आणि त्याला जोडलेली तेलाची ग्रंथी. हे तेल त्वचा मऊ ठेवतं. चेहरा, छाती, पाठ आणि खांदे इथे या ग्रंथी मोठ्या असतात, म्हणून मुरूमही तिथेच येतात. तळहातावर, तळपायावर या ग्रंथीच नसतात, तिथे कधी मुरूम येत नाही.

मुरूम होताना चार गोष्टी घडतात. ग्रंथी जास्त तेल सोडते. छिद्राच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून बूच बसतं. आत अडकलेल्या तेलावर ‘क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस’ नावाचे जिवाणू वाढतात. मग शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिक्रिया देतं आणि ती जागा लाल होते, सुजते, पू धरते. हे जिवाणू निरोगी त्वचेवरही असतात, ते बाहेरून लागत नाहीत. म्हणून मुरूम संसर्गजन्य नाहीत. एकाच टॉवेलमुळे भावाचे मुरूम बहिणीला होत नाहीत.

बूच उघडं राहिलं तर टोक काळं दिसतं. तो काळेपणा घाणीचा नसतो. त्वचेतलं रंगद्रव्य आणि हवेशी संबंध आलेलं तेल यामुळे तो रंग येतो. कितीही घासलं तरी तो जात नाही तो यामुळेच. बूच बंद राहिलं तर पांढरट बारीक दाणा दिसतो. आणि सूज खोलवर गेली तर दुखणाऱ्या गाठी होतात, ज्या बऱ्या झाल्यावरही खड्डे सोडून जातात.

कारण पहिलं: वयात येणं

वयात येताना शरीरात अँड्रोजेन हार्मोन वाढतात. नाव पुरुषी हार्मोनचं असलं तरी मुलींच्या शरीरातही ते असतातच. या हार्मोनमुळे तेलाच्या ग्रंथी मोठ्या होतात आणि जास्त तेल सोडू लागतात. म्हणून मुरमांची सुरुवात साधारण ११-१२ वर्षांपासून होते आणि किशोरवयात बहुतेक सगळ्यांना ते थोडेफार येतात. मुलींना लवकर येतात, मुलांना उशिरा पण अनेकदा जास्त येतात.

विशीनंतर बऱ्याच जणांचे मुरूम आपोआप कमी होतात, पण सगळ्यांचे नाही. विशेषतः बायकांमध्ये पंचविशी-तिशीतही मुरूम येत राहतात. ते बहुतेक वेळा हनुवटी आणि जबड्याच्या कडेला येतात आणि पाळीच्या आधी आठवडाभर वाढतात. ‘लग्न झाल्यावर जातील’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. त्याला काही आधार नाही. वय वाढलं की काहींचे कमी होतात, आणि आपल्याकडे लग्नही त्याच वयात होतं, एवढाच काय तो संबंध.

कारण दुसरं: अनुवंश

आई-वडिलांना तरुणपणी खूप मुरूम आले असतील, तर मुलांना येण्याची शक्यता जास्त. २००२ मध्ये ब्रिटनमधल्या जुळ्या बहिणींच्या मोठ्या अभ्यासात असं दिसलं, की कुणाला किती मुरूम येतात यातला सुमारे ८१ टक्के फरक अनुवंशाने ठरतो. म्हणजे दोन मैत्रिणी एकाच मेसमध्ये जेवतात, एकच साबण वापरतात, तरी एकीचं तोंड स्वच्छ आणि दुसरीचं पुटकुळ्यांनी भरलेलं असू शकतं. त्यात दुसरीची काही चूक नसते.

घरच्यांनी हे समजून घेणं फार गरजेचं आहे. ‘तोंड धूत नाहीस’, ‘बाहेरचं खातोस’, ‘रात्री जागतेस’ असं रोज ऐकणाऱ्या मुलाला वाटतं की हा आपलाच दोष. मग ते पाहुण्यांसमोर येत नाही, फोटोत उभं राहत नाही, कॉलेजातही मागच्या बाकावर बसतं. मुरमांमुळे उदासपणा आणि चिंता वाढते, ही गोष्ट डॉक्टरही गंभीरपणे घेतात.

कारण तिसरं: पीसीओएस

मुलींच्या बाबतीत हे कारण लक्षात ठेवावं. पीसीओएसमध्ये शरीरात अँड्रोजेनचं प्रमाण किंवा परिणाम वाढतो. मुरमांसोबत पुढीलपैकी काही असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावं:

- पाळी ३५ दिवसांहून जास्त अंतराने येणं किंवा महिनोन्‌महिने न येणं
- हनुवटी, ओठावर, छातीवर राठ केस वाढणं
- डोक्यावरचे केस विरळ होणं
- वजन वाढत जाणं, मानेभोवती काळसर जाडसर त्वचा दिसणं

पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ती थोडी मागे-पुढे होणं नेहमीचं असतं. त्यामुळे तेराव्या वर्षीच घाबरून जायचं कारण नाही. पण अठरा-वीस वर्षांच्या मुलीला मुरूमही खूप आणि पाळीही अनियमित, तर नुसतं तोंडाला मलम लावून भागत नाही. पीसीओएसकडे वेळीच लक्ष दिलं तर पुढे मधुमेह आणि गर्भधारणेच्या अडचणी सांभाळणं सोपं जातं.

कारण चौथं: स्टिरॉइडचं मलम

आता त्या ट्यूबकडे येऊ. आपल्याकडे मेडिकलमध्ये खाज, गजकर्ण, काळे डाग, गोरेपणा या सगळ्यासाठी दिल्या जाणाऱ्या अनेक मलमांत स्टिरॉइड असतं. ही औषधं मुळात वाईट नाहीत. इसब, सोरायसिस अशा आजारांत डॉक्टर ती ठरावीक जागी, ठरावीक दिवस वापरायला देतात. चेहऱ्यावर मनानं लावली तर मात्र ती उलटतात.

सुरुवातीचे दिवस फसवे असतात. स्टिरॉइड सूज आणि लाली दाबतं, त्यामुळे मुरूम बसल्यासारखे वाटतात. त्वचा उजळ दिसते. घरातले म्हणतात, ‘ट्यूब चांगली आहे हो.’ मग तीच ट्यूब बहिणीला, मावशीला, वहिनीला सांगितली जाते. काही आठवड्यांनी एकसारख्या आकाराच्या लाल पुटकुळ्या येऊ लागतात. त्वचा पातळ होते, गालावर बारीक लाल शिरा दिसतात, उन्हात गेलं की तोंड भाजल्यासारखं होतं, गालावर-हनुवटीवर लव वाढते. लावणं बंद केलं की दोन-चार दिवसांत आग होते, लाली आणि पुटकुळ्या उसळतात. घाबरून माणूस पुन्हा तीच ट्यूब लावतो. त्याने बरं वाटतं. हे चक्र वर्षानुवर्षं चालतं. भारतीय त्वचातज्ज्ञांनी या अवस्थेला ‘स्टिरॉइडवर अवलंबून राहिलेला चेहरा’ असंच नाव दिलं आहे.

हा प्रकार किती पसरला आहे? भारतातल्या १२ केंद्रांत केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे सुमारे १५ टक्के, तोंडाला स्टिरॉइड लावत होते. त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना ते डॉक्टरांनी सांगितलेलं नव्हतं. कुणी गोरेपणासाठी लावत होतं, कुणी चक्क मुरमांसाठीच. आणि त्यातून झालेला सगळ्यात जास्त आढळणारा त्रास कोणता, तर मुरूम येणं किंवा असलेले वाढणं.

पूर्वी कायद्यात एक पळवाट होती. गोळी-इंजेक्शनला डॉक्टरांची चिठ्ठी लागे, पण वरून लावायच्या बऱ्याच औषधांना त्यातून सूट होती. त्वचातज्ज्ञांच्या पाठपुराव्यानंतर केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये अधिसूचना काढून १४ स्टिरॉइडयुक्त मलमांची ही सूट काढून घेतली. म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. हा नियम कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा सगळीकडे सारखाच. पण नियम कागदावर आला म्हणून घरातल्या कपाटातली जुनी ट्यूब नाहीशी होत नाही.

ट्यूब ओळखायची कशी? नाव काहीही असो, खाली बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात. त्यात बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन, हॅलोबेटासोल यापैकी काही असेल, तर ते स्टिरॉइड आहे. काळ्या डागांच्या काही ट्यूबमध्ये हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनसोबत मोमेटासोन असतं. गजकर्णाच्या काही ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड असं तिन्ही एकत्र असतं. अक्षर वाचता येत नसेल तर मोबाईलवर फोटो काढून मोठा करून बघावा. घटकच छापलेले नसतील, तर ती क्रीम तोंडाला लावूच नये.

आधीपासून लावत असाल तर? आठ-दहा दिवसच लावली असेल तर बंद करावी. महिनोन्‌महिने लावली असेल तर ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं. बंद केल्यावर होणारी आग आणि लाली सांभाळायला डॉक्टर दुसरी औषधं देतात, गरज पडली तर स्टिरॉइड हळूहळू कमी करतात. काही आठवडे, कधी काही महिने त्रास होतो, पण चेहरा बहुतेक वेळा सुधारतो. लपवू नये. डॉक्टरांना रोज असे चेहरे बघायची सवय असते.

कारण पाचवं: केसांचं तेल आणि क्रीम

रात्री डोक्याला चपचपीत तेल लावून झोपायची सवय आपल्याकडे जुनी. ते तेल कपाळावर, कानशिलांवर उतरतं आणि छिद्रं बुजतात. अशा मुरमांची खूण म्हणजे कपाळावर, केसांच्या रेघेलगत बारीक बारीक दाणे. १९७० मध्ये अमेरिकेतल्या त्वचातज्ज्ञांनी केसांच्या पोमेडमुळे होणाऱ्या अशाच मुरमांचं वर्णन केलं होतं. आपलं खोबरेल तेल त्याच जातीचं काम करतं. तेल सोडायची गरज नाही. न्हायच्या आधी तास-दोन तास लावावं, कपाळ पुसून घ्यावं, रात्रभर ठेवू नये. मुरूम येणाऱ्याने तोंडाला खोबरेल किंवा तूप चोळू नये.

जाड कोल्ड क्रीम, तेलकट फाउंडेशन, नाटकाचा किंवा नाचाचा मेकअप न काढता झोपणं, यानेही हेच होतं. विकत घेताना पाकिटावर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ किंवा ‘ऑइल-फ्री’ लिहिलेलं बघावं.

कारण सहावं: खाणं. किती खरं, किती खोटं?

सगळ्यात जास्त वाद इथेच होतो. १९६९ मध्ये अमेरिकेत ६५ जणांना चॉकलेट आणि चॉकलेटसारखीच दिसणारी दुसरी वडी देऊन एक प्रयोग झाला. मुरमांत फरक दिसला नाही. त्यानंतर कित्येक वर्षं ‘खाण्याचा आणि मुरमांचा संबंध नाही’ असंच शिकवलं गेलं. पण त्या नकली वडीतही साखर आणि चरबी भरपूर होती, असा आक्षेप पुढे घेतला गेला.

२००२ मध्ये पापुआ न्यू गिनीतल्या कितावा बेटावरच्या १,२०० लोकांची तपासणी प्रसिद्ध झाली. कंदमुळं, फळं, मासे, नारळ खाणाऱ्या त्या लोकांत एकालाही मुरूम सापडला नाही. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात ४३ तरुणांवर १२ आठवड्यांचा प्रयोग झाला. साखर झपाट्याने वाढवणारे पदार्थ कमी केलेल्यांचे मुरूम जास्त कमी झाले. साखर, मैदा, पाव, थंड पेयं यांनी रक्तातलं इन्सुलिन झपकन वाढतं आणि ते तेलाच्या ग्रंथींना चालना देतं, असं त्यामागचं कारण मानलं जातं.

दुधाचंही थोडं तसंच. अमेरिकेतल्या ४७ हजारांहून अधिक परिचारिकांच्या २००५ मधल्या अभ्यासात किशोरवयात जास्त दूध, विशेषतः साय काढलेलं दूध पिणाऱ्यांत मुरूम थोडे जास्त दिसले. हा फक्त संबंध आहे, दूधच कारण आहे असं त्यातून सिद्ध होत नाही. वाढत्या वयातल्या मुलांचं दूध त्यासाठी तोडू नये. जिममध्ये जाणाऱ्या मुलांनी मात्र व्हे प्रोटीनच्या डब्याकडे बघावं. तो सुरू केल्यावर छाती-पाठीवर मुरूम वाढले असतील, तर महिना-दोन महिने बंद करून बघायला हरकत नाही.

मग हुबळीची मिरची भजी आणि धारवाडचा पेढा? तिखटाने मुरूम येतात असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही. तळलेलं खाल्ल्याने ते तेल थेट चेहऱ्यावर येतं हेही खरं नाही. पेढ्यात दूध आणि साखर दोन्ही असतं, पण सणावाराला खाल्लेल्या दोन पेढ्यांनी कुणाचं तोंड बिघडत नाही. रोजच्या रोज साखरेचं थंड पेय, बिस्किटं आणि पाव खाणं कमी केलं आणि भाकरी, डाळ, भाजी वाढवली, तर तब्येतीला फायदा आहेच, मुरमांनाही थोडा होऊ शकतो. फक्त पथ्य पाळून जोराचे मुरूम जातील अशी आशा धरू नये.

कारण सातवं: काम, हेल्मेट आणि घाम

गोकुळ रोडच्या वर्कशॉपमध्ये, बेळगावच्या उद्यमबागेत किंवा कोल्हापूरजवळच्या शिरोलीत लेथवर काम करणाऱ्या कामगारांना हात आणि मांड्यांवर काळ्या टोकाचे दाणे, पुळ्या येतात. मशीनचं कटिंग ऑइल कपड्यांत मुरतं आणि दिवसभर त्वचेला लागून राहतं, हे त्याचं कारण. गॅरेजमधल्या ग्रीसचंही तसंच. कामाचे कपडे रोज धुणं, ॲप्रन वापरणं, सुट्टी झाल्यावर लगेच आंघोळ करणं, यानेच खूप फरक पडतो. तेलाने भरलेला बोळा हात पुसायला वापरू नये.

हेल्मेटचा पट्टा, घट्ट मास्क, बॅगेचा बंद, नायलॉनचा टी-शर्ट, व्हायोलिन हनुवटीखाली धरून तासन्‌तास केलेला रियाज, जिथे घर्षण आणि घाम एकत्र येतात तिथे मुरूम वाढतात. म्हणून हेल्मेट काढू नये, आतलं अस्तर धुवावं किंवा खाली सुती कापड बांधावं. पावसाळ्यात आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात अनेकांचे मुरूम वाढतात तेही घामामुळेच. ‘अंगातली उष्णता’ म्हणतात त्यात एवढं तथ्य आहे.

कारण आठवं: पोटातून घेतलेली औषधं

स्टिरॉइडच्या गोळ्या, फिट्सवरचं फेनिटॉइन, मानसिक आजारावरचं लिथियम, क्षयरोगावरचं आयसोनियाझिड, बी-१२ ची मोठ्या मात्रेतली इंजेक्शनं, शरीर कमावण्यासाठी घेतलेली अॅनाबॉलिक स्टिरॉइडं, काही गर्भनिरोधक, यांनी मुरूम येऊ शकतात. अचानक, एकसारखे, छाती-पाठीवर भराभर आले तर औषधाची शंका घ्यावी. पण क्षयाच्या, फिट्सच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या मुरमांसाठी मनाने बंद करू नयेत. डॉक्टरांना सांगावं. शरीर कमावण्याची इंजेक्शनं मात्र कुणीच घेऊ नयेत.

ताण, झोप आणि बोटं

परीक्षेच्या दिवसांत मुरूम वाढतात हा अनेकांचा अनुभव, आणि विद्यार्थ्यांवरच्या अभ्यासांतही तसं दिसलं आहे. ताण एकट्याने मुरूम आणत नाही, असलेले वाढवतो. त्यात वाचता वाचता हात तोंडाकडे जातो. फोडलेल्या मुरमातला पू आत पसरतो, सूज वाढते आणि डाग-खड्डे पडतात. गव्हाळ, सावळ्या त्वचेवर मुरूम गेल्यावर राहणारा काळा डाग महिनोन्‌महिने टिकतो. हा डाग घालवण्याच्या घाईतच पुष्कळ जण स्टिरॉइडच्या ट्यूबपर्यंत पोचतात. खरं तर डाग पडू न देण्याचा सोपा उपाय म्हणजे न फोडणं आणि ऊन टाळणं.

मुरूमासारखं दिसतं, पण मुरूम नाही

- बुरशीच्या पुळ्या: छाती, पाठ, कपाळावर एकाच आकाराचे बारीक दाणे आणि भरपूर खाज. मुरमांची औषधं, विशेषतः अँटिबायोटिक घेतल्यावर हे वाढतात. यावर बुरशीचं औषध लागतं.
- रोझेशिया: तिशीनंतर गाल-नाक लाल होणं, पुळ्या येणं, पण काळ्या टोकाचे दाणे नसणं.
- दाढीच्या पुळ्या: दाढी केल्यावर केस आत वळून येणाऱ्या. रेझर बदलणं, केसांच्या दिशेने दाढी करणं याने कमी होतात.

घरी काय करावं?

दिवसातून दोनदा साध्या सौम्य साबणाने किंवा फेसवॉशने तोंड धुवावं. चार-पाच वेळा घासून धुतल्याने त्वचा कोरडी पडून चिडते. लिंबू, टूथपेस्ट, खायचा सोडा तोंडाला लावू नये, भाजल्यासारखे डाग पडतात. मुलतानी मातीने तेल तेवढ्यापुरतं शोषलं जातं, मुरूम बरे होत नाहीत.

सौम्य मुरमांवर बेंझॉइल पेरॉक्साइड, ॲडापालीन, सॅलिसिलिक ॲसिड अशी औषधं वापरली जातात. ती डॉक्टरांना विचारूनच सुरू करावीत. सुरुवातीला थोडी आग, सालपटं निघणं हे होतं. बेंझॉइल पेरॉक्साइडने टॉवेल-उशीचा रंग उडतो. फरक दिसायला दीड ते तीन महिने लागतात, म्हणून पंधरा दिवसांत कंटाळून सोडू नये. नुसतं अँटिबायोटिकचं जेल महिनोन्‌महिने लावलं तर जिवाणू त्याला दाद देईनासे होतात.

जोराच्या मुरमांवर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या देतात. औषध गुणकारी आहे, पण गर्भावर त्याचे गंभीर दुष्परिणाम होतात. हे औषध चालू असताना आणि बंद केल्यावर किमान महिनाभर गर्भ राहता कामा नये. दुसऱ्याची चिठ्ठी बघून ते कधीही घेऊ नये.

डॉक्टरांकडे कधी जावं?

- दुखणाऱ्या गाठी, पू किंवा खड्डे पडू लागले असतील
- तीन महिने नीट उपाय करूनही फरक नसेल
- पाळीची गडबड किंवा नको तिथे केस असतील
- तोंडाला लावलेल्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड असल्याची शंका असेल
- मुरमांमुळे मूल बाहेर जायचं टाळत असेल, उदास राहत असेल

हुबळीत विद्यानगरचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय (लोक अजून ‘किम्स’च म्हणतात), धारवाडजवळ सत्तूरचं एसडीएम, बेळगावात जिल्हा रुग्णालय आणि केएलई, कोल्हापुरात सीपीआर, मिरज-सांगलीचं शासकीय रुग्णालय, गोव्यात बांबोळीचं गोमेकॉ, या सगळ्या ठिकाणी त्वचारोग विभाग आहे.

जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्याव्यात, रिकाम्या असल्या तरी. ‘काहीतरी पांढरी क्रीम होती’ एवढ्यावरून डॉक्टरांना काही कळत नाही. कर्नाटकातल्या दवाखान्यात भाषेची अडचण आली तर चार शब्द कामाला येतात: मुरूम म्हणजे मोडवे, मलम म्हणजे मुलामु, खाज म्हणजे तुरिके, डाग म्हणजे कले आणि पाळी म्हणजे मुट्टु. पाळीबद्दल विचारलं तर मुलीने संकोच करू नये, आणि सोबत आलेल्या माणसाने तिच्या वतीने ‘सगळं ठीक आहे’ असं उत्तर देऊ नये.

मुरूम येणं आपल्या हातात नसतं. डाग आणि खड्डे टाळणं मात्र बऱ्याच अंशी असतं. आजच घरातल्या कपाटातली ट्यूब काढून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचून बघावीत. वर दिलेल्या नावांपैकी एखादं सापडलं, तर पुढचं पाऊल मेडिकलकडे नव्हे, डॉक्टरांकडे पडायला हवं.